कुत्र्याची छत्री आणि आमच्या टिकलीचे ७२ तास

पावसाळा लागला की कुजक्या ओंडक्यांवर, उकिरड्यांवर, बागेतल्या हिरवळीवर रातोरात छत्र्या उगवतात. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘कुत्र्याच्या छत्र्या’ म्हणतात. लहानपणापासून मी या शब्दाचा अर्थ ‘माणसाने खाऊ नये ती अळंबी’ एवढाच धरून होते. तीच छत्री कुत्र्याच्या जिवावर उठू शकते, हे गेल्या महिन्यापर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं. टिकलीने छत्री खाल्ली त्या दिवशी घाबऱ्याघुबऱ्या अवस्थेत फोनवर मराठीत शोधलं तर अळंबीची लागवड आणि अळंबीची भाजी याखेरीज काही सापडेना. म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे.

टिकली ही आमची तीन वर्षांची गावठी कुत्री. वजन १४ किलो, अंगाने तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. आम्ही नाशिकच्या आनंदवल्लीला राहतो. इमारतीच्या मागे थोडी हिरवळ आहे आणि कडेला दोन वर्षांपूर्वी तोडलेल्या गुलमोहराचा बुंधा तसाच राहिला होता.

रविवार, १४ जुलै २०२४. दोन-तीन दिवस रिमझिम चालू होती. सकाळी पावणेसातला मी टिकलीला खाली नेलं आणि नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला पट्टा सोडला. हिरवळीवर ताटलीएवढ्या पांढऱ्या तीन-चार छत्र्या होत्या. बुंध्याशी बारीक तपकिरी छत्र्यांचा झुबका होता. मी फोनवर बोलत होते. वळून पाहिलं तर टिकली काहीतरी चावत होती. हाक मारली, तशी तिने ते घाईघाईने गिळलं. ओठाला पांढरा तुकडा चिकटलेला दिसला, तो मी बोटाने पुसला आणि आम्ही घरी आलो. तिने दूध-पोळी खाल्ली.

आठ-पन्नासला पहिली उलटी झाली. त्यात पोळी होती. दुसऱ्या उलटीत नुसता फेस. तिसरीत रबरासारखे पांढरे तुकडे पडले, तेव्हा मला सकाळचं आठवलं. साडेनऊपर्यंत पाच उलट्या आणि दोन पातळ जुलाब झाले होते. टिकली बाल्कनीच्या कोपऱ्यात पाठ वाकवून उभी होती, बसतही नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, कुत्र्याला वासावरून कळतं. विषारी असतं तर तिने तोंडच लावलं नसतं.” त्यांचं माहेर इगतपुरीकडचं. पहिल्या पावसानंतर रानातून अळंबी आणून त्यांनी कितीदा रांधली आहे, त्यामुळे त्यांचा शब्द मला मोठा वाटतो. आणि खरं सांगायचं तर माझाही समज तोच होता. तो चुकीचा आहे. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की काही विषारी छत्र्यांना तर मासळीसारखा वास येतो आणि कुत्री उलट त्याकडेच ओढली जातात.

शेजारच्या काकू म्हणाल्या, मीठ-पाणी पाज, सगळं पडून जाईल. मी पेल्यात दोन चमचे मीठ कालवलंही. एका हाताने फोन चालूच होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद, फोनही बंद. दुसऱ्या ठिकाणी कोणी उचललं नाही. तिसऱ्या ठिकाणच्या मुलाने सांगितलं, डॉक्टर अकराला येतील. शेवटी भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या एका मैत्रिणीने इंदिरानगरच्या बाजूच्या एका दवाखान्याचा नंबर दिला. तिथे चोवीस तास कोणीतरी असतं.

फोनवरच्या डॉक्टर बाईंनी चारच गोष्टी विचारल्या. काय खाल्लं, किती वाजता, साधारण किती, वजन किती. मग म्हणाल्या, “मॅडम, घरी काहीही पाजू नका. मीठ नको, दूध नको, तूप नको. मिठाने रक्तातलं सोडियम वाढतं आणि मेंदूला इजा होते. उलट्या करणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. ती छत्री मिळाली तर घेऊन या. उलटीतले तुकडेही डब्यात घ्या.”

पेला मी सिंकमध्ये ओतला. तो ओतताना हात थरथरत होता, कारण अजून दोन मिनिटं फोन लागला नसता तर ते पाणी टिकलीच्या पोटात गेलं असतं.

खाली धावत जाऊन दोन पांढऱ्या छत्र्या उपटल्या, हाताला लागल्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबल्या आणि निघालो. रविवार असल्याने गंगापूर रोडवर सोमेश्वरकडे जाणाऱ्यांची गर्दी होती, पण आम्हाला उलट दिशेला जायचं होतं. जेहान सर्कल, एबीबी सर्कल, सिटी सेंटर मॉलवरून लेखानगर. नवरा गाडी चालवत होता, टिकली माझ्या मांडीवर. मॉलच्या सिग्नलला तिला सहावी उलटी झाली. दहा-पंचवीसला पोहोचलो.

दारातच एक अर्ज भरायचा होता. नाव, वय, वजन, आधीचे आजार, शेवटचं लसीकरण कधी. रेबीजची आणि इतर लसींची नोंद असलेली पुस्तिका मागितली. ती घरी कपाटात होती. मुलाने, ओमने, फोटो काढून पाठवला, तेव्हा कळलं की वार्षिक लस दीड महिना उलटून गेली आहे. त्यामुळे टिकलीला बाकीच्या कुत्र्यांबरोबर न ठेवता वेगळ्या खोलीतल्या पिंजऱ्यात ठेवायचं ठरलं. तुमच्याकडे कुत्रं असेल तर त्या पुस्तिकेच्या पानांचे फोटो आजच फोनमध्ये काढून ठेवा. पाच मिनिटं गेली त्यात, आणि तेव्हा पाच मिनिटं फार लांब वाटतात.

मग संमतीपत्र. इंग्रजीत दोन पानं होती. उपचारांची हमी नाही, हृदय थांबलं तर छातीवर दाब देऊन प्रयत्न करायचे की नाही, रात्री फोन कोणाला करायचा. त्या दुसऱ्या प्रश्नापाशी माझं पेन थांबलं. नवऱ्याने माझ्या हातातून कागद घेऊन ‘हो’वर खूण केली. आगाऊ रक्कम ८,००० रुपये.

आत डॉक्टरांनी आधी टिकलीच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या पाहिल्या, हृदयाचे ठोके मोजले, हिरड्या दाबून पाहिल्या. विचारलं, लाळ खूप गळते आहे का, डोळ्यांतून पाणी, सारखी लघवी? काही छत्र्यांत मस्करीन नावाचं विष असतं, त्याने हे सगळं एकदम सुरू होतं, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि ठोके मंदावतात. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा आहे, पण ती लक्षणं असतील तरच द्यायचा. टिकलीला ती नव्हती.

मग त्यांनी जे सांगितलं, ते माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं. मी विचारलं होतं, इतक्या लगेच उलट्या म्हणजे विष फार कडक का?

“उलट आहे, मॅडम. दोन तासांत उलट्या सुरू झाल्या ही त्यातल्या त्यात बरी खूण. अशा छत्र्या बहुधा पोटाचे हाल करतात, पाणी कमी करतात, पण वेळेवर सलाइन मिळालं तर बहुतेक कुत्री वाचतात. खऱ्या जीवघेण्या छत्र्या सहा तास, कधी बारा, कधी चोवीस तास काहीच दाखवत नाहीत. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबतात, कुत्रं एखादा दिवस बरं दिसतं आणि तेवढ्या वेळात आत यकृत निकामी होत असतं.”

मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “तिथे एकाच प्रकारच्या छत्र्या होत्या का?”

मी बुंध्याजवळच्या तपकिरी झुबक्याबद्दल सांगितलं. तिने त्या खाल्ल्या की नाही, मी पाहिलं नव्हतं. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, “मग पांढरीने आज त्रास दिला आणि तपकिरी उद्या देईल, असंही होऊ शकतं. आपल्याला ७२ तास यकृताच्या तपासण्या करत राहावं लागेल.”

जीवघेण्या छत्र्यांतल्या त्या विषाच्या गटाला ॲमाटॉक्सिन म्हणतात. पेशी प्रथिनं बनवतात ते कामच ते बंद पाडतं आणि त्याचा पहिला मोठा घाव यकृतावर बसतो. शिजवून, उकळून, वाळवून ते जात नाही. खात्रीचा उतारा नाही. एन-ॲसिटिलसिस्टीनचं सलाइन आणि सिलिमरीन ही यकृत सावरणारी औषधं, शरीरात पाणी आणि साखर टिकवणं, एवढंच हातात असतं आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. म्हणून रक्ताचा आकडा वाढण्याची वाट न पाहता त्यांनी ती दोन्ही औषधं लगेच सुरू केली.

उलटी काढण्याचं इंजेक्शन दिलं नाही, कारण पोट रिकामं झालंच होतं. उलट्या थांबवण्याचं इंजेक्शन दिलं, डॉक्टरांनी पाऊण तास वाट पाहिली आणि मग औषधी कोळशाची भुकटी पाण्यात कालवून थोडी थोडी पाजली. पोटात उरलेलं विष हा कोळसा धरून ठेवतो. पण उलट्या चालू असताना तो पाजणं धोक्याचं, म्हणून तो पाऊण तास. टिकलीने मान झटकली आणि तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका काळा झाला. तो मी ओढणीने पुसत बसले. दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात नव्हतं.

पहिल्या दिवशीचा खर्च असा : तातडीची फी ७००, औषधं आणि सलाइन २,९००, रक्ततपासणी १,६००. यकृताचा मुख्य आकडा, लॅबवाले ज्याला एसजीपीटी म्हणतात, तो ६२ आला. म्हणजे नॉर्मल. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पहिल्या दिवसाच्या चांगल्या आकड्याला अर्थ नाही, तो फक्त पुढच्या आकड्यांशी ताडून पाहायला.

एव्हाना दुपारचा एक वाजला होता. पिशवी उघडली तर छत्र्यांचा चिखल झाला होता. प्लॅस्टिकमध्ये त्या घामेजून काही तासांत सडतात. कागदाच्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायच्या, दोन प्रकार असतील तर वेगवेगळ्या, हे मला तेव्हा कळलं. ओमला फोन केला. माळीकाकांनी तोवर हिरवळ झाडून घेतली होती, पण कडेला दोन पांढऱ्या शिल्लक होत्या आणि बुंध्याचा झुबका तसाच होता. ओमने खुरप्याने बुडापासून उकरून काढल्या, कारण ओळखायला जमिनीखालचा भागही लागतो. वरून, खालच्या पापुद्र्यांचा, देठाचा आणि बुडाचा असे फोटो काढले, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून. फोनमधल्या एका ॲपने पांढरीला ‘खाण्यायोग्य’ ठरवलं. ज्या छत्रीने टिकलीला सकाळपासून लोळवलं होतं, तीच. अशा ॲपवर कृपा करून कोणाचाही जीव टांगू नका.

माझ्या एका मैत्रिणीच्या ओळखीने वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक मिळाले. त्यांनी फोटो पाहून नाव सांगायला साफ नकार दिला. म्हणाले, छत्रीचा देठ कापा, टोपी पापुद्र्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवा, कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्या, वरून वाटी झाका आणि रात्रभर हलवू नका. सासूबाईंनी देवघराशेजारच्या टेबलावर दोन वाट्या पालथ्या घातल्या.

ती रात्र टिकलीविना गेली. पिंजऱ्याचे रात्रीचे १,५०० रुपये. रात्री माणसांना थांबता येत नव्हतं. साडेदहाला आणि पहाटे पाचला फोन करून विचारलं, दोन्ही वेळा उत्तर एकच : उलटी नाही, झोपली आहे. मी मात्र झोपले नाही. फोनवर बोलत होते तेवढी ती दोन मिनिटं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होती.

सोमवार, १५ जुलै. सकाळी सासूबाईंनी वाट्या उचलल्या. पांढरीखाली हिरवट राखाडी भुकटीचं, म्हणजे छत्रीतून गळलेल्या बीजाणूंचं, चक्र उमटलं होतं, प्रत्येक पापुद्र्याची रेघ वेगळी दिसत होती. प्राध्यापकांनी आता नाव सांगितलं : क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. पावसानंतर हिरवळीवर येणारी, टोपीवर तपकिरी खवले, देठाला कंकण आणि बीजाणू हिरवट. कोवळी असताना पापुद्रे पांढरे असतात म्हणून खाण्याच्या अळंबीशी तिची गल्लत होते. तिने माणसालाही दोन-तीन तासांत भयंकर उलट्या-जुलाब होतात.

तपकिरीखाली मात्र गंजासारखी तांबूस भुकटी होती. त्यावर ते म्हणाले, “बाई, बारीक तपकिरी छत्र्यांत मी घाईने बोलणार नाही. लाकडावर उगवणाऱ्या गॅलेरिना नावाच्या काही छत्र्या अशाच दिसतात आणि त्यांत तेच ॲमाटॉक्सिन असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागेल. तुम्ही डॉक्टरांना वाईटातलं वाईट धरून चालायला सांगा.”

अकराला भेटायला गेलो तर टिकली उठून उभी राहिली, शेपटी हलवली, माझ्या हाताला खाण्याचा वास येतो का ते हुंगलं. मला वाटलं, संपलं, घरी न्यावं. दीड वाजता रिपोर्ट आला : एसजीपीटी १४८. कालच्या दुपटीहून जास्त. शेपटी हलवणारी टिकली आणि तो कागद, दोन्ही एकाच वेळी माझ्यासमोर होतं. डॉक्टर म्हणाल्या, उलट्यांचा आणि पाणी कमी झाल्याचा ताण पडला तरीही एवढा वाढू शकतो. ॲमाटॉक्सिन असेल तर उद्या तो हजारांत जाईल. आज नेऊ नका.

नाही नेली. सलाइन-औषधांचे १,८००, तपासणीचे १,६००, रात्रीचे १,५००. पैशांबद्दल बोलायला संकोच वाटतो, पण तिथल्या बाकावर बसलेले एक गृहस्थ, एवढा खर्च झेपणार नाही म्हणून कुत्र्याला घेऊन निघाले होते. डॉक्टरांनी त्यांना बोलावून कोणती तपासणी अत्यावश्यक आणि कोणती टाळता येईल ते समजावलं. असं विचारण्यात काही कमीपणा नाही. यकृताचे सगळे आकडे न करता फक्त एसजीपीटी आणि साखर केली तर खर्च बराच कमी होतो.

मंगळवार, १६ जुलै. नवऱ्याने रजा वाढवली. नमुना नऊच्या आत लॅबला गेला तरच रिपोर्ट दीडपर्यंत येतो, म्हणून आठलाच पोहोचलो. त्या दिवशी रक्त गोठण्याची वेळही तपासली, कारण यकृत खचलं की तीही बिघडते. बाकावर बसून मी घड्याळ पाहत होते. टिकलीने छत्री खाल्ली त्याला ४८ तास उलटून गेले होते. एक-वीसला डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. १६६. गोठण्याची वेळ नॉर्मल, साखर नॉर्मल. त्या म्हणाल्या, “हा वेग विषाचा नाही.” मी त्यांचा हात धरला, आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू तिथेच आलं.

१,२०० आणि १,६०० भरून संध्याकाळी टिकलीला घरी आणलं. पायाला सुई तशीच ठेवली होती, पट्टी गुंडाळून. घरी काय पाहायचं ते कागदावर लिहून दिलं : हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो का, लघवी गडद होते का, शी काळी होते का (कोळशाने पहिले दोन दिवस ती काळी असतेच, घाबरायचं नाही), धडपडते का, झोपेतून उठवली तर उठते का. दर चार तासांनी गजर लावला.

बुधवार, १७ जुलै. आषाढी एकादशी, त्यात मोहरमची सुट्टी. लॅब दहापर्यंतच नमुने घेणार होती, हे आदल्या दिवशी विचारून ठेवलं ते बरं झालं. सणासुदीला हे आधी विचारा. आम्ही साबुदाणा खिचडी खाल्ली, टिकलीने मऊ भात आणि उकडलेला लाल भोपळा, दिवसातून पाच वेळा, दोन-दोन चमचे. रिपोर्ट : १५१. उतरणीला लागला. ७२ तास पूर्ण झाले होते. सुई काढली, यकृताच्या गोळ्या ६४० रुपयांच्या, दहा दिवस. २४ जुलैला पुन्हा तपासलं, फी धरून १,२००, तेव्हा आकडा ६८ होता. सगळा मिळून खर्च १७,८४० रुपये.

सोसायटीला मी २० तारखेला लेखी अर्ज दिला, सोबत फोटो आणि दवाखान्याच्या कागदाची प्रत. २८ तारखेच्या बैठकीत कोणीतरी बुरशीनाशक फवारू असं सुचवलं. मी विरोध केला. छत्री म्हणजे नुसतं फळ, बुरशीचं जाळं जमिनीत आणि लाकडात खोल असतं, ते वरच्या फवारणीने जात नाही, आणि तिथे लहान मुलं खेळतात. त्यापेक्षा रोज सकाळी कुत्री-मुलं खाली यायच्या आधी छत्र्या उपटून बंद डब्यात टाकायच्या आणि बुंधा काढून टाकायचा असं ठरलं. हाताला लागल्याने विष चढत नाही, पोटात गेलं तरच धोका, तरी हातमोजे घालतो. ३ ऑगस्टला दोन मजुरांनी बुंधा खणून काढला, १,२०० रुपये.

टिकलीला आता पट्ट्याशिवाय मागे सोडत नाही. तोंडाला पिंजऱ्यासारखी जाळी घेतली आहे, त्यातून तिला धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. पहिले चार दिवस जाळीत बिस्किटाचा तुकडा ठेवून नुसती हुंगायला दिली, मग ती आपणहून तोंड घालू लागली. आणि ‘सोड’ हा शब्द रोज शिकवतो. तोंडातलं सोडलं की त्याहून चांगलं काहीतरी द्यायचं. मी त्या दिवशी हाक मारत धावले, म्हणून तिने घाईने गिळलं होतं.

तपकिरी छत्री कोणती, ते कळलं नाही. प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, पण नमुना फार जुना झाला होता, आणि ते अंदाजाने नाव घेणाऱ्यांतले नाहीत. ताजी मिळाली तर आणून द्या म्हणाले. सासूबाई रोज साडेपाचला बॅटरी, हातमोजे आणि कागदाची पिशवी घेऊन खाली जातात. काल बुंध्याच्या खड्ड्यात चार तपकिरी उगवल्या होत्या. त्यांनी त्या बुडापासून काढल्या, खालची माती न झटकता कागदात गुंडाळल्या, आणि आज दुपारी मी त्या पोचवून आले.